मूळ कथा कोणती, आणि भिंतीवर कोणती काढावी?

एका चित्रकार भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सार्वजनिक वाचनालयाच्या भिंतीसाठी त्या रामायण आणि महाभारतातील प्रसंगांची बारा चित्रे करत आहेत. कच्चे आराखडे पाहिल्यावर वाचनालयाच्या समितीतील एका सदस्यांनी लक्ष्मणरेषा, शबरीची उष्टी बोरे आणि मयसभेत दुर्योधनाला हसणारी द्रौपदी हे तीन प्रसंग वाल्मीकी-व्यासांच्या ग्रंथांत नाहीत, म्हणून ते वगळावेत असे सुचवले. दुसऱ्या सदस्यांचे म्हणणे असे की लोकांच्या तोंडी जे आहे तेच खरे, आणि म्हणून गोंधळ्यांच्या जांभूळ आख्यानाचेही एक चित्र असलेच पाहिजे. मालिकेचे पहिले चित्र मात्र दोघांनाही मान्य आहे: व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे. मूळ कथा कोणती मानावी आणि चित्रकाराने कोणाचे ऐकावे, असे त्या विचारतात.

गेली सत्तावीस वर्षे मी लोककथनांचे ध्वनिमुद्रण, त्यांचे लिप्यंतर आणि संग्रहालयांतील पौराणिक चित्रांसाठी माहितीफलक लिहिण्याचे काम करत आले आहे. फलक लिहिताना नेमका हाच प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

समितीतील दोन्ही सदस्यांची मते परस्परविरोधी दिसत असली तरी दोघांचे गृहीत एकच आहे. कथेचे एकच खरे घर असते, असे दोघेही मानतात. एकाला ते पोथीत दिसते, दुसऱ्याला लोकांच्या मुखात. माझा अनुभव असा की कथेला अनेक घरे असतात, आणि प्रत्येक घरात तिचे काम वेगळे असते. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न मूळ कथा कोणती हा नसून तुमचे चित्र पाहणाऱ्याला काय सांगण्याचा दावा करते, हा आहे. भिंतीवर ‘व्यासांचे महाभारत’ असे लिहिणार असाल तर पहिल्या सदस्यांचा आक्षेप विचारात घ्यावाच लागेल. मालिकेचे नाव ‘महाभारताची परंपरा’ असे असेल तर तोच आक्षेप बऱ्याच अंशी गळून पडतो. तेव्हा चित्रांच्या आधी मालिकेचे नाव निश्चित करा, कारण पुढचे अर्धे वाद तिथेच मिटतात.

आता ‘मूळ’ या शब्दाविषयी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याला पद्धतशीर वळण दिले आणि 1966 मध्ये ते पूर्ण झाले. देशभरातील निरनिराळ्या लिप्यांतील 1,259 हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. वाल्मीकिरामायणाचे असेच काम बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने केले, आणि त्याचे खंड 1960 ते 1975 या काळात प्रसिद्ध झाले. या आवृत्त्या आपल्या विद्येचे वैभव आहेत आणि मी त्यांचा रोज उपयोग करते. परंतु त्यांचे उद्दिष्ट काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन त्या सर्वांच्या मुळाशी असलेला पाठ शोधणे, एवढेच पाठचिकित्सा करते. तो पाठ म्हणजे व्यासांच्या मुखातून निघालेले शब्द, असे सुकथनकरांनीही म्हटले नाही; आणि जे श्लोक मुख्य पाठात बसले नाहीत ते टाकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत काळजीपूर्वक जपून ठेवले आहेत. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही आदिपर्वातील कथा याच परिशिष्टात आहे. म्हणजे समितीतील पहिल्या सदस्यांचा निकष काटेकोरपणे लावायचा ठरवला, तर सर्वांना मान्य असलेले पहिलेच चित्र भिंतीवरून उतरवावे लागेल. हे मी त्यांना खोडून काढण्यासाठी सांगत नाही. निकष लावायचा तर तो सर्व चित्रांना सारखा लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

द्रौपदीच्या हास्याचा प्रसंग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. सभापर्वात दुर्योधन स्फटिकाच्या भूमीला पाणी समजतो आणि पाण्याला भूमी समजून त्यात पडतो, तेव्हा भीम, अर्जुन आणि माद्रीचे पुत्र हसतात, असे निवेदक सांगतो. तिथे द्रौपदीचे नाव नाही, आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य तर तिच्या तोंडी नाहीच. पण पुढे हस्तिनापुरात परतल्यावर दुर्योधन जेव्हा धृतराष्ट्रापुढे आपला जळफळाट मांडतो, तेव्हा तो म्हणतो की कृष्ण आणि अर्जुन मला हसले, आणि स्त्रियांसह द्रौपदीही हसली. घटना घडताना निवेदकाला जे दिसले नाही ते अपमान झालेल्या माणसाला आठवते. द्रौपदी खरोखर हसली होती की दुखावलेल्या मनाने तिला तिथे उभे केले, याचा निर्णय ग्रंथ देत नाही. पुढच्या शतकांतील कथेकरी, नाटककार आणि अगदी अलीकडचे दूरदर्शन यांनी दुर्योधनाची आठवण हीच घटना मानली आणि तिच्या तोंडी एक बोचरे वाक्यही घातले. अशा स्थितीत हा प्रसंग ‘महाभारतात नाही’ असे म्हणणेही अपुरे आहे आणि ‘महाभारतात आहे’ असे म्हणणेही अपुरे आहे. माझ्या दृष्टीने चित्रकारासाठी याहून समृद्ध विषय सापडणे कठीण, आणि त्याविषयी पुढे पुन्हा लिहीन.

लक्ष्मणरेषेची गोष्टही अशीच गुंतलेली आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात सीतेच्या कठोर शब्दांनी व्यथित झालेला लक्ष्मण तिला वनदेवतांच्या रक्षणावर सोपवून निघून जातो. रेषा तो आखत नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही सीताहरणाच्या वर्णनात रेषा येत नाही, परंतु पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोचून विचारते की रामाच्या धाकट्या भावाने ओढलेली लहानशी रेघही तुम्हाला ओलांडता आली नाही, हेच का तुमचे पौरुष! म्हणजे तुलसीदासांच्या श्रोत्यांना रेषा आधीच ठाऊक होती, इतकी की ती आखली गेल्याचे सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही. शिवाय मंदोदरीच्या तोंडी ती रावणाच्या दुबळेपणाची खूण आहे, तर आज आपण तोच शब्द स्त्रीने ओलांडू नये अशा मर्यादेसाठी वापरतो. रेघ तीच, पण कोणासाठी आखली आहे ते बदलले. शबरीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वाल्मीकींच्या शबरीने रामासाठी वनातील नाना प्रकारचे पदार्थ जमवून ठेवले आहेत, चाखून पाहिलेली बोरे त्यात नाहीत. ती भक्तिपरंपरेची देणगी आहे, आणि त्या परंपरेला जे सांगायचे होते ते त्या एका उष्ट्या फळात पूर्णपणे उतरले आहे.

बदल का होतात, याचे एक कारण चित्रकाराला इतर कोणाहीपेक्षा लवकर समजेल, आणि ते म्हणजे माध्यम. वेरूळच्या कैलास लेण्यात रावण पर्वत हलवत असल्याचे जे भव्य शिल्प आहे, ते पाहिले नसेल तर मालिका पूर्ण करण्याआधी अवश्य पाहून या. उत्तरकांडात पर्वत हादरल्यावर भ्यालेली पार्वती शिवाला बिलगते, आणि शिव पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो. शिल्पकाराने हे सारे घेतले, पण त्यासोबत पार्वतीची एक दासी पाठ फिरवून पळताना दाखवली, आणि रावणाला खाली, खोल कोरलेल्या पोकळीच्या अंधारात बसवले. रामायणातील त्या सर्गात ती दासी नाही. परंतु दगड हलत नाही, आणि हलणारा पर्वत तर दाखवायचा आहे. तेव्हा हालचाल कोणाच्या तरी शरीरात ठेवावी लागते, आणि ती त्या पळणाऱ्या दासीने अंगावर घेतली आहे. दासीला प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसवलेला भाग, म्हणून काढून टाकले तर पर्वत स्थिर होईल.

वस्त्रहरणाचेही तसेच आहे. चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य पाठात द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा सभापर्वात येत नाही. वस्त्र ओढले जाते आणि त्याजागी दुसरे प्रकट होत राहते. ऐकताना हे अद्भुत अंगावर येते, कारण देणारा दिसत नाही. चित्रात मात्र देणारा नसलेले वस्त्र नुसते लांब कापड वाटते, म्हणून चित्रकारांनी वरच्या कोपऱ्यात कृष्णाला बसवले आणि त्याच्या हातातून कापडाचा ओघ सोडला. भक्तांना तो हवा होताच, पण चित्राच्या व्याकरणालाही त्याची गरज होती, असे मला वाटते.

कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाच्या चित्रकथींकडून मी या बाबतीत पुष्कळ शिकले. त्यांच्याकडे एका कथेच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात; कथनकार ती एकामागून एक समोर धरतो, आणि वाद्यांच्या साथीने गात-बोलत कथा पुढे नेतो. त्या चित्रांतील आकृती बहुधा एका बाजूने दिसणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या आणि ठसठशीत रेषांच्या असतात, आणि मागची जागा पुष्कळदा रिकामी सोडलेली असते. कलाशाळेतून आलेल्या नजरेला ती जागा अपुरी वाटू शकते, परंतु ती कथनकाराच्या आवाजासाठी राखलेली आहे. त्याच चित्राकडे बोट दाखवून तो एका गावात रामाची बाजू लांबवतो, तर दुसऱ्या गावात इंद्रजिताच्या पत्नीचा, सुलोचनेचा, विलाप रंगवतो. तुमच्या भिंतीपुढे असा कथनकार उभा नसेल, आणि तुमच्या कामातील मुख्य अडचण मला ही वाटते. जे काम चित्रकथीचा आवाज करतो ते तुमच्या चित्राखालच्या चार ओळींना करावे लागणार आहे.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या समितीतील पहिल्या सदस्यांच्या भूमिकेच्या अगदी जवळची आहे. सुरुवातीच्या काळात मी एका वाघ्याकडून खंडोबाचे जागरण ध्वनिमुद्रित करत होते. ‘मल्हारी माहात्म्य’ हा संस्कृत ग्रंथ मी नुकताच वाचला होता, आणि मणि-मल्ल दैत्यांचा वध हा कथेचा गाभा, अशी माझी पक्की समजूत होती. त्या रात्री दैत्यांचे प्रकरण लवकर आटोपले आणि पुढे पहाटेपर्यंत बाणाईची कथा चालली. देव धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून राहतो, मेंढरे राखतो, मेंढरे धुताना ती मारून टाकतो आणि बाणाईशी लग्नाची अट मान्य झाल्यावर पुन्हा जिवंत करतो, आणि मग जेजुरीला देवाची पहिली बायको, वाण्यांची लेक म्हाळसा, व बाणाई यांचे भांडण लागते. मला हे विषयांतर वाटले. ध्वनिफिती मोजक्याच होत्या, म्हणून मी यंत्र बंद केले आणि आरतीच्या वेळी पुन्हा सुरू केले. सकाळी त्या वयस्क वाघ्याने मला शांतपणे विचारले, ‘‘ताई, देवाचं लगीन तुम्ही घेतलंच नाही का?’’

त्यांच्या दृष्टीने मी कथेचा गाभा वगळून कडेचा भाग टिपला होता, आणि विचार केल्यावर ते बरोबर असल्याचे मला पटले. पशुपालक धनगर आणि व्यापारी वाणी, असे दोन समाज एका देवाला आपला जावई मानतात, ही गोष्ट त्या भांडणातून सांगितली जाते. जेजुरीच्या गडावर बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर असते, म्हाळसेसारखे देवाशेजारी नसते, याचाही उलगडा त्याच कथेतून होतो. संस्कृत ग्रंथाचे काम खंडोबाला शिवाचा अवतार म्हणून प्रतिष्ठित करण्याचे होते, आणि ते त्याने उत्तम केले. जागरणाचे काम वेगळे होते. पुढे मी त्या भागात पुन्हा गेले तेव्हा ते वाघ्या राहिले नव्हते, आणि त्यांच्या तोंडची ती कथा माझ्याकडे आजही नाही.

तेव्हापासून कोणतीही कथा हाती आली की मी तिच्याविषयी काही गोष्टी पाहते. ती कोण सांगतो आणि कोणाला सांगतो. ती केव्हा सांगितली जाते, विधीत की विरंगुळ्यात. आणि प्रश्नांकित भाग काढून टाकला तर बाकीची कथा, एखादी प्रथा किंवा एखादे देऊळ निराधार होते का. हे तिसरे परीक्षण मला सर्वांत उपयोगी वाटते. बाणाई काढली तर जेजुरीचा अर्धा गड बोलेनासा होतो. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे सीतेचे असे देऊळ आहे की जिथे सोबत राम नाही, आणि गावात अशी कथा सांगतात की परित्यक्ता सीतेने मूठभर गहू मागितले, ते कोणी दिले नाहीत, म्हणून तिच्या शापाने त्या शिवारात गहू पिकत नसे. ही कथा कोणत्याही रामायणात शोधू नये. पण ती वगळली तर त्या गर्भगृहातील एकटेपणाला अर्थ राहत नाही. जात्यावरच्या ओव्यांत राम सीतेच्या तोलाचा नाही असे म्हणणाऱ्या बायका जे बोलत होत्या, त्याला रावेरीत दगड-विटांचा आधार मिळाला आहे.

मात्र यावरून दुसऱ्या सदस्यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य करावे, असेही मला वाटत नाही. लोकांच्या मुखात जे आहे ते शुद्ध, प्राचीन आणि पोथीपासून अस्पर्शित असते, ही समजूत प्रत्यक्ष कामात टिकत नाही. श्रीधरांचे ‘रामविजय’ (1703) आणि ‘पांडवप्रताप’ (1712) हे ग्रंथ घरोघरी आणि देवळादेवळांत पिढ्यान् पिढ्या वाचले गेले, आणि त्यांतील प्रसंग निरक्षर कथनकारांच्या तोंडी मुरले. मुद्रणाने तर चित्रांचेही तेच केले. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत छापील चित्रांनी देवीचे नेसणे, उभे राहणे आणि पाहणे इतके निश्चित करून टाकले की आज अनेकांना तेच सनातन रूप वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’ हा 1913 चा चित्रपट करणाऱ्या दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते, आणि पडद्यावरचे पहिले देव कोणत्या चित्रांतून चालत आले असतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. 1987 नंतरच्या काही वर्षांत दूरदर्शनवरील मालिकांनी तेच कथेच्या बाबतीत केले. त्यानंतर मी ध्वनिमुद्रित केलेल्या अनेक कथनांत मालिकेतील संवाद जसेच्या तसे, कधीकधी हिंदीतच, आले आहेत. मी ते गाळत नाही, पण ते कुठून आले याची नोंद मात्र न चुकता करते.

शिवाय प्रत्येक नवी कल्पना परंपरा म्हणून खपवणे मला मान्य नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 1907 मध्ये ‘कीचकवध’ लिहिले, तेव्हा कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसावा अशीच त्यांची योजना होती, प्रेक्षकांना तो दिसला, आणि सरकारलाही दिसला, म्हणून 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. कथेचा असा समकालीन उपयोग करणे हा कलावंताचा हक्क आहे. परंतु खाडिलकरांनी आपले नाव घालून नाटक लिहिले. विराटपर्वातच कर्झन होता असे ते म्हणाले नाहीत. तुम्हीही एखाद्या चित्रात स्वतःची कल्पना घालणार असाल तर ती अवश्य घाला, फक्त तिच्याखाली तुमचे नाव असू द्या.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचा निर्णय मी दुरून देऊ शकत नाही. वाचनालयात येणारे बहुसंख्य वाचक शाळकरी वयाचे असतील तर खालचा मजकूर आणि प्रसंगांची निवड वेगळी असावी. देणगीदारांशी किंवा समितीशी झालेल्या करारात ‘ग्रंथाधारित’ असा शब्द असेल तर तो पाळला पाहिजे, किंवा काम सुरू होण्याआधी लेखी बदलून घेतला पाहिजे. आणि एखादी कथा एखाद्या समाजाच्या विधीचा भाग असेल, तर ती सार्वजनिक भिंतीवर नेण्याआधी त्या समाजातील जाणत्यांना विचारणे मी आवश्यक मानते, मग कायदा तसे सांगो अथवा न सांगो. गोंधळी आणि वाघ्या-मुरळी यांची आख्याने हे त्यांचे जगण्याचे साधन आहे. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचे आणि फलकावर नुसते ‘लोककथा’ असे लिहून मोकळे व्हायचे, हे आपल्याकडे फार वर्षे चालत आले आहे, आणि ते थांबले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता तुमच्या चित्रांविषयी. गणपतीचे चित्र पहिलेच राहू द्या. ते ग्रंथाच्या जन्माचे परंपरेने रेखलेले चित्र आहे, एवढे त्याखाली लिहा. लक्ष्मणरेषा वगळू नका, पण ती वाल्मीकींच्या नावावर घालू नका. ‘वाल्मीकींनंतरच्या रामकथांत आलेला प्रसंग’ असा स्पष्ट उल्लेख करा, आणि शक्य असल्यास सीतेच्या चेहऱ्याऐवजी रेषेच्या बाहेर थबकलेल्या रावणाच्या पावलावर चित्राचा भार ठेवा, म्हणजे मंदोदरीचा प्रश्न शब्दांविना विचारला जाईल. शबरीचे चित्र आहे तसे ठेवा आणि खाली ‘भक्तिपरंपरेतील’ एवढे लिहा.

द्रौपदीच्या हास्यासाठी माझी सूचना अशी आहे की आराखडा बदला. सध्याच्या आराखड्यात, तुम्ही वर्णन केल्याप्रमाणे, द्रौपदी सज्जात ठळकपणे उभी राहून हसत आहे आणि दुर्योधन पाण्यात आहे. त्याऐवजी दुर्योधनाला पाण्यात, भीमाला हसताना, आणि द्रौपदीला केवळ पाण्यातील प्रतिबिंबात दाखवता येईल. सज्जा रिकामा असेल, पण दुर्योधनाची नजर जिथे खिळली आहे त्या पाण्यात ती हसत असेल. निवेदकाने काय पाहिले आणि दुर्योधनाला काय आठवले, हे दोन्ही एकाच चित्रात राहतील, आणि ग्रंथाला मानणाऱ्या सदस्यांनाही त्यावर आक्षेप घेता येणार नाही. फलकावर ‘सभापर्वातील निवेदनात द्रौपदी येथे नाही, दुर्योधन आपल्या पित्याला सांगतो तेव्हा ती येते’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. एक दक्षता मात्र घ्या: एकाच चौकटीत निरनिराळ्या परंपरांतील तपशील नकळत मिसळू देऊ नका. मिसळायचे असतील तर जाणूनबुजून मिसळा, जसे येथे केले आहे.

राहिले जांभूळ आख्यान. शाहीर विठ्ठल उमप यांच्यामुळे ते शहरी प्रेक्षकांना परिचित झाले, पण त्याची मुळे संबळ-तुणतुण्याच्या साथीने रात्रभर चालणाऱ्या आख्यानपरंपरेत आहेत. मी ऐकलेल्या कथनांत कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येते की पाचांसोबत हा सहावा असता तर. कृष्ण ते ओळखतो, आणि सर्वांना घेऊन वनात जातो. तिथे एका ऋषीसाठी राखलेले जांभूळ तोडले जाते, आणि ते पुन्हा देठाला लागायचे तर प्रत्येकाने मनातले खरे सांगावे अशी अट पडते. एकेक पांडव खरे बोलतो तसे फळ वर चढत जाते, आणि द्रौपदी लपवू पाहते तेव्हा ते अडते. शेवटी ती कबूल करते आणि फळ फांदीला लागते. व्यासांच्या महाभारतात यातले काहीही नाही. परंतु पाच पुरुषांत वाटल्या गेलेल्या स्त्रीला स्वतःचे असे एखादे मन असेल का, हा प्रश्न त्या आख्यानाने देवीच्या गोंधळात, सर्वांसमक्ष विचारला आहे, आणि तिच्या कबुलीनंतर तिला दंड न होता झाड पूर्ववत होते.

ते चित्र घ्यावे असे माझे मत आहे, मात्र मालिकेच्या ओळीत नव्हे. बाकीच्या अकरा चित्रांत ग्रंथ आणि परंपरा यांची कुठे ना कुठे गाठ आहे. हे चित्र पूर्णपणे आख्यानाचे आहे, म्हणून त्याला वेगळी भिंत किंवा निदान वेगळी चौकट द्या आणि बाराव्या जागी दुसरा प्रसंग घ्या. काढण्यापूर्वी जवळपासच्या एखाद्या गोंधळी मंडळींना बोलावून पूर्ण आख्यान ऐका, त्याचे रीतसर मानधन द्या, त्यांच्या कथनातले तपशील माझ्या वर दिलेल्या तपशिलांपेक्षा निराळे निघाले तर त्यांचेच घ्या, आणि त्यांची संमती असल्यास फलकावर कथनकारांचे नाव चित्रकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा. चित्रासाठी क्षण निवडायचा झाल्यास मी शेवटचा क्षण घेणार नाही. पाचही पांडवांचे बोलून झाले आहे, जांभूळ फांदीच्या वीतभर खाली हवेत थांबले आहे, आणि द्रौपदीने अजून तोंड उघडलेले नाही, तो क्षण मला योग्य वाटतो. आणि त्यात कृष्ण जमिनीकडे पाहत असावा, तिच्याकडे नाही.